मदत हवी आहे : एचओ लेआउटसाठी घरगुती डेड एंड

नमस्कार मंडळी,

माझ्या मॉडेल रेल्वेच्या एचओ (1:87 प्रमाणाच्या) लेआउटवर मालधक्क्याची साइडिंग (बाजूचा फाटा) टाकून झाली, आता तिच्या टोकाला डेड एंड, म्हणजे गाडी अडवणारा अडथळा, हवाय. विकत मिळतात ते प्लास्टिकचे, परदेशी धाटणीचे. मला आपल्या यार्डात दिसतो तसाच करायचाय : जुने रूळ वाकवून उभे केलेले, मागून तिरक्या रुळांचा टेकू, पुढे आडवा लाकडी स्लीपर, त्यावर लाल-पांढरा रंग. सीएसएमटीच्या फलाटांवरचे हायड्रॉलिक बफर छोट्या स्टेशनात शोभायचे नाहीत.

हाताशी कोड 100 (रुळाच्या उंचीचं माप) रुळांचे उरलेले तुकडे, 25 वॅटचं सोल्डरिंग आयर्न, आईसक्रीमच्या काड्या आणि अ‍ॅरल्डाइट आहे.

अडलंय ते उंचीवर. आपल्या ब्रॉडगेजवर कपलरची (डबे जोडणाऱ्या आकड्याची) उंची रुळापासून जास्तीत जास्त 1105 मिमी, म्हणजे मॉडेलवर 12.7 मिमी. पण माझ्या वाघिणींचे नकल (मुठीसारखे अडकणारे) कपलर अमेरिकी मापाचे, साधारण 10 मिमीवर. स्लीपर खऱ्या उंचीवर लावला तर कपलर त्याच्या खालच्या कडेखाली सरकू पाहतो. खाली घेतला तर डेड एंड बुटका दिसतो, आणि ते मला अजिबात बघवत नाही.

शिवाय लेआउट डीसीवर आहे, म्हणजे इंजिनाला वीज दोन रुळांतूनच मिळते. दोन्ही बाजूंचे सांगाडे धातूने जोडले की शॉर्ट होणार, म्हणून मध्ये फक्त लाकूड. पण नुसत्या अ‍ॅरल्डाइटवर ते धक्का सोसेल का? आणि सोल्डर करताना ट्रॅकचे प्लास्टिक स्लीपर वितळू नयेत म्हणून काय करता?

प्रतिसाद

उंचीसाठी दोन स्लीपर एकावर एक लावा. खरा स्लीपर 250 मिमी रुंद, मॉडेलवर 2.9. रुंद बाजू उभी धरून वरच्याचा मध्य 12.7 वर ठेवलात की खालच्याचा 9.8 वर येतो. कपलर खालच्यावर टेकतो, रूप वरचा राखतो.

सांगाडा ट्रॅकवर जोडूच नका. ग्राफ पेपर लाकडी फळीवर चिकटवा, तुकडे टाचण्यांनी धरा आणि तिथेच सोल्डर करा. मग टोकाचे तीन-चार प्लास्टिक स्लीपर काढून जागी तांब्याचा थर असलेल्या पीसीबीच्या (सर्किट बोर्डाच्या) पट्ट्या घाला. प्रत्येक पट्टीचं तांबं मधोमध कानसने आरपार कापा, नाहीतर तिथेच शॉर्ट. सांगाडा त्यावर बसवा आणि करंट सोडण्याआधी मल्टिमीटर लावून बघा.

लाकडाला प्रत्येक बाजूने पितळी तारेच्या दोन पिना आरपार घालून त्या सांगाड्याला सोल्डर करा. अ‍ॅरल्डाइट त्याच्या जोडीला. दोन बाजूंच्या पिना एकमेकींना भिडू देऊ नका.

धागाकर्ता

पिनांचं फारच आवडलं, मनापासून आभार! टोकाच्या एका रुळाला तोडून तिथे डायोड (वीज एकाच दिशेने सोडणारा भाग) लावला तर इंजिन आपोआप थांबतं असं ऐकलंय. इथे चालेल?

प्रतिसाद

चालेल, 1एन4007 पुरतो. पण मालधक्क्यावर इंजिन वाघिणी ढकलत आणणार, म्हणजे टोकाला आधी पोचणार वाघीण. म्हणून रूळ तोडायचा तो नेहमीच्या रेकच्या (जोडलेल्या वाघिणींच्या) लांबीइतका मागे, शिवाय इंजिन घरंगळतं तेवढी जागा सोडून. वाघिणी कमी-जास्त झाल्या की हा हिशोब चुकतो, तेव्हा डेड एंड भक्कमच ठेवा. इंजिन टोकाकडे बिनदिक्कत धावलं आणि परत निघेना, तर डायोड उलटा लागलाय, फिरवून लावा.