पुरण कधी बिघडलं होतं? अनुभव लिहा

पुणे (धागा काढणारी)
होळी परवावर आलीय. पाककृती ढिगाने मिळतात, त्या नकोत. तुमचं पुरण कशामुळे बिघडलं आणि मग काय केलंत, ते सांगा.

माझ्यापासून सुरुवात. लग्नानंतरची पहिली होळी. अर्धा किलो हरभरा डाळ झकास शिजली, पण चाळणीत जेमतेम पाच मिनिटं ठेवून मी लगेच गूळ घातला. गूळ विरघळल्यावर पातेल्यात जे तयार झालं, ते वाटीने प्यायला ठीक होतं. तासभर घोटलं, हातावर चटके उडाले, तरी उलथणं काही उभं राहीना. सासूबाईंनी येऊन बघितलं, परातीत पसरून पंख्याखाली ठेवलं आणि निघून गेल्या. एक शब्द बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. आता डाळ अर्धा तास निथळते. निथळलेलं पाणी, म्हणजे कट, मात्र थेंबभरही वाया जात नाही, कारण आमच्याकडे पोळीपेक्षा आमटीवर उड्या पडतात.

नागपूर
ताई, माझं उलटं झालं. आई आजारी, पोळ्याचा सण, बैलांना नैवेद्य हवाच. मी गडी एकटाच ओट्याशी. पुरण पातळ होईल या धास्तीने इतकं आटवलं की गार झाल्यावर भुगा झाला. लाटताना प्रत्येक पोळी फुटली. आईने खाटेवरूनच सांगितलं, दुधाचा हबका मार आणि मळ. जमलं. फुटलेल्या पोळ्यांवर एवढं तूप ओतलं की कोणाला दिसल्याच नाहीत.

जळगाव
तुम्ही सगळे लाटण्यावर रडताय, आमच्याकडे मातीचं खापर आहे! गहू ओलवून दळायचे, पीठ वस्त्रगाळ करायचं, कणीक तिंबून तिंबून सैल करायची. दोन छोट्या पुऱ्यांमध्ये पुरण, कडा दाबायच्या, पोळपाटावर जराशी लाटली की बाकीचं काम दोन्ही हातांवर. पोळी या हातावरून त्या हातावर फिरवत मोठी करायची आणि चुलीवर तापलेल्या पालथ्या खापरावर टाकायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरसासोबत.

पहिल्यांदा केली तेव्हा मी चौदा वर्षांची. पोळी कोपरापाशी फाटली आणि पुरण थेट जाळात. जळक्या गुळाचा वास गल्लीभर. मावशी म्हणाली, "हात आखडतेस म्हणून फाटते. पोळीला कळतं, तू घाबरलीयस ते." पुढची तीन वर्षं मला फक्त रशीला, म्हणजे आमच्याकडच्या कटाच्या आमटीला, भाजायच्या कांदा-खोबऱ्यावर बसवलं. त्याचा फायदा असा की रशी माझ्यासारखी आता घरात कोणालाच जमत नाही.

बडोदा
आमच्या तीन पिढ्या इथे. शेजारच्या बेन तुरीच्या डाळीचं पुरण करतात. एकदा डबे अदलाबदल झाले आणि मी तूर शिजवली. कळलं तेव्हा उशीर झाला होता. पोळ्या उलट मऊसूत झाल्या. आजेसासूबाईंनी दोन खाल्ल्या आणि म्हणाल्या, "चांगलीय, पण पुरणपोळी नाही."

टोरांटो
इथला मैदा भारी चिवट. लाटली की पोळी पुन्हा आक्रसते. कणीक तेलात बुडवून दोन तास ठेवली तेव्हा कुठे नरमली. पुरणयंत्र नाही, म्हणून गार झालेलं पुरण मिक्सरला लावलं तर त्याचं पातंच फिरेना. गरम असतानाच वाटायचं असतं, हे नंतर फोनवर कळलं. तूप तव्यावर पडलं आणि धुराचा भोंगा वाजला. नवरा खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालतोय, मी पोळी उलटतेय, अशी आमची होळी.

लातूर
आमटीवर कोणी बोलेना म्हणून. एकदा गडबडीत कट मोरीत ओतला. हो, ओतला. मग उरलेल्या पुरणातला मूठभर गोळा पाण्यात कालवला, चिंच, चमचाभर येसर मसाला, लवंग-दालचिनीची फोडणी. पाहुण्यांना पत्ता लागला नाही. घरच्यांना लागला.

टोरांटो
जळगावच्या ताई, खापर सामानातून इथवर धड येईल का हो?

जळगाव
कशाला फोडून घेतेस! लोखंडी कढई गॅसवर पालथी घाल. मीसुद्धा फ्लॅटमध्ये तेच करते. पहिल्या दोन पोळ्या कढईलाच चिकटतील, त्या मोजू नकोस.