हृदयाच्या, बीपीच्या गोळ्या आणि उंचावरचा दम : तुमचे अनुभव

अलकनंदा
शेजारच्या काकू केदारनाथला निघाल्यात. त्यांच्या डब्यात मेटोप्रोलॉल (बीपीची, ठोके हळू करणारी बीटा ब्लॉकर गोळी) दिसली आणि बाबांची लेहवारी आठवली. त्यांचीही हीच गोळी. विमानाने थेट ३५०० मीटरवर. हॉटेलचा जिना चढून आले तर ओठ निळसर, एकेक शब्द तोडून बोलतायत, आणि नाडी ७२! आई म्हणे, "नाडी बघ किती छान, उगाच घाबरवू नकोस." छान कसली, गोळीने लगाम धरलेला. हवा विरळ झाली की हृदय पळून भरपाई करतं, यांचं पळतच नव्हतं. ऑक्सिमीटरवर ७८. ऑक्सिजन लावल्यावर माणसात आले. तुमच्याकडे कुणाचं काय झालं? लिहा.

घाटमाथा
मी कार्व्हेडिलॉलवाला, तीही बीटा ब्लॉकरच. लेहजवळची खारदुंगला खिंड म्हटल्यावर डॉक्टरांनी बऱ्याच आधी बदलून त्याच गटातली नेबिव्होलॉल दिली. पहिलीने म्हणे उंचावर श्वास वाढायला हवा तेवढा वाढत नाही. इटलीच्या डॉक्टरांनी आल्प्समधल्या मोंटे रोझा पर्वतावर माणसं नेऊन तपासलंय हे. बुलेटवर मस्त गेलो, टॉपवर मॅगी खाल्ली.

ताकभात
सासूबाई पूर्ण प्रवास भीमसेनी कापूर हुंगत होत्या. ऑक्सिजन काही वाढला नाही, गाडीभर देवघराचा वास मात्र 😄

रानजाई
सासऱ्यांची लघवीची गोळी रोजचीच, त्यात कुणीतरी डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) दिली. तीही लघवी वाढवते! रात्रभर फेऱ्या, सकाळी पायात गोळे. पोटॅशियम घसरलेलं. कुकर झालाय, येते.

नवखा
मग आठवडाभर गोळी बंद ठेवून गेलं तर?

अलकनंदा
@नवखा अजिबात नको!! बीटा ब्लॉकर एकदम सोडली की ठोके सुसाट सुटतात, छातीत दुखू शकतं, अॅटॅकसुद्धा येतो. बदल काय तो डॉक्टरच करतील, तोही घरी असताना.

रानजाई
आले. ऑक्सिमीटर लावायच्या आधी बोटं चोळून गरम करा, गार बोटांवर काहीही आकडा येतो. आमच्याकडे ६१ बघून नणंद रडायला लागली, सासरे चहा पीत बसलेले.

ताकभात
@अलकनंदा काकू घोड्याने की हेलिकॉप्टरने?

अलकनंदा
हेलिकॉप्टर. दम वाचेल, पण शरीराला सवय व्हायला वेळच नाही. गुप्तकाशीला दोन रात्री थांबा म्हटलंय, ऐकतील तर शप्पथ.

पुणेरी_मिसळ
@घाटमाथा बुलेट लेहमध्येच भाड्याने घेतलीत का? डिपॉझिट किती?