मदत हवी आहे: पाणी योजनेच्या कंट्रोल रूममधला पीसी रात्री आपोआप रीस्टार्ट होतो

यवतमाळ जिल्ह्यातली प्रादेशिक पाणीपुरवठा योजना. जॅकवेलवर (नदी-धरणातलं पाणी उपसायची विहीर) दोन व्हर्टिकल टर्बाइन पंप, म्हणजे उभ्या लांब शाफ्टचे. स्काडा (पंप-टाक्यांवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) साध्या विंडोज ११ प्रो वर चालतं, पीएलसीला (पंप चालवणारा छोटा औद्योगिक कंट्रोलर) यूएसबी-४८५ कन्व्हर्टरने जोडलंय. अ‍ॅक्टिव्ह अवर्स (ज्या वेळात विंडोज आपोआप रीस्टार्ट होत नाही) लावूनही रात्री अपडेट होऊन पीसी रीस्टार्ट होतो. शिवाय अधूनमधून सगळी रीडिंग गोठतात. कन्व्हर्टर काढून परत लावला की येतात. काय करावं?

प्रतिसाद १
भाऊ, अ‍ॅक्टिव्ह अवर्स जास्तीत जास्त १८ तासांचेच लावता येतात. तुमची कंट्रोल रूम २४ तासांची, म्हणून उरलेल्या ६ तासांत तो डाव साधतो. सरळ ग्रुप पॉलिसी एडिटर (gpedit.msc) उघडा, विंडोज अपडेटमध्ये ‘कॉन्फिगर ऑटोमॅटिक अपडेट्स’ला पर्याय २ द्या, म्हणजे डाउनलोडच्या आधी विचारेल. पण अपडेट कायमचे बंद करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला, तेव्हा त्या भोकाचं ठिगळ मार्चमध्येच आलेलं होतं. महिन्यातून एकदा, टाक्या भरलेल्या असताना, आधी डिस्कची इमेज काढून मगच अपडेट करा. नवीन पीसी घ्याल तेव्हा विंडोजची आयओटी एंटरप्राइज एलटीएससी ही आवृत्ती मागा.

रीडिंग गोठतात ते बहुतेक पॉवर सेव्हिंगमुळे. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटची टिक काढा. कन्व्हर्टर नेहमी त्याच सॉकेटात ठेवा, नाहीतर कॉम नंबर (विंडोजने त्याला दिलेला पोर्ट क्रमांक) बदलू शकतो. आणि आयसोलेटेड कन्व्हर्टरच घ्या, म्हणजे ज्याच्या दोन बाजू विजेने एकमेकींना जोडलेल्या नसतात. आपल्याकडे मृगाच्या विजा लांब केबलमधून थेट पीसीपर्यंत येतात.

प्रतिसाद २
वरचं सगळं कराच, पण आधी हे सांगा: टाकी भरल्यावर पंप बंद कोण करतं, पीएलसी की स्काडा?

धागाकर्ता
स्काडातली स्क्रिप्ट.

प्रतिसाद २
मग खरा धोका तिथे आहे. पीसी बंद पडला की टाकी ओसंडत राहणार. पातळी पीएलसीच्या रजिस्टरमध्ये येत असेल तर चालू-बंदची तुलना लॅडरमध्येच (पीएलसीच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये) टाका, आणि दोन्ही पातळ्यांत भरपूर अंतर ठेवा, नाहीतर लाटेनेच कॉन्टॅक्टर (पंपाची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) खटखट करत राहील. टाकीचा सिग्नल तुटला तर ठरावीक वेळाने पंप थांबलाच पाहिजे. जॅकवेलच्या कमी पातळीचा इलेक्ट्रोड थेट स्टार्टरच्या कंट्रोल सर्किटमध्ये घ्या. पंपाची पाण्यावर चालणारी रबर बेअरिंग कोरडी फिरली की जळतात.

रीस्टार्ट टायमरही पीएलसीतच हवा. पंप थांबला की कॉलममधलं (पंपाच्या उभ्या पाइपातलं) पाणी परत खाली येतं आणि शाफ्ट उलटा फिरतो. त्याच क्षणी स्क्रिप्टने पुन्हा स्टार्ट दिला तर शाफ्ट तुटू शकतो. उलटं फिरणं पूर्ण थांबायला तुमच्या पंपाला किती वेळ लागतो तो घड्याळ लावून मोजा, आणि टायमर त्याहून जास्त ठेवा.