पोलीस दाखला मागितला म्हणून दादा रुसले

निगडीची_आई
कालपासून आमच्या पालकांच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरतेय. बालनाट्य शिबिर घेणाऱ्या एका दादांची. सारांश असा: "२२ वर्षं पोरांमध्ये आहे. यंदा सोसायटीने हॉल द्यायच्या आधी पोलिसांचा चारित्र्य दाखला मागितला. ज्या हातांनी तुमच्या मुलांना रंग लावला, त्या हातांवर संशय? शिबिर रद्द." खाली बदामांचा पाऊस आणि "दादा, आम्ही तुमच्या पाठीशी".

दाखला मागणारी ती आगाऊ बाई मीच, त्यामुळे लिहिणं भाग आहे.

दादा, पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचं आधार कार्ड याच सोसायटीने घेतलं. वॉचमनचं आणि भाडेकरूंचं व्हेरिफिकेशन झालं. तेव्हा कुणी "ज्या हातांनी पोळ्या लाटल्या" अशी पोस्ट टाकली नाही. अपमान फक्त शिकल्यासवरल्यांचाच होतो का?

पॉक्सोचे, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचे, २०२० चे नियम काढून बघा. शाळा, पाळणाघर, क्रीडा अकादमी, जिथे मुलांशी नेहमीचा संबंध येतो तिथल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी करायची, कायम असो वा कंत्राटी, आणि तीही ठरावीक काळाने पुन्हा. चार वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाले, २० ऑगस्ट २०२४ ला लोक रुळांवर बसले, आणि दुसऱ्याच दिवशी शाळांतल्या सुरक्षेचा शासन निर्णय निघाला. पण सगळं येऊन थांबतं "कर्मचारी" या शब्दापाशी. शिबिरातला दादा कुणाचा कर्मचारी? घरी येऊन तबला शिकवणारे? गणपतीत मुलांचे नाच बसवणारा मंडळाचा पोरगा? कुणाचेच नाहीत. मग विचारायचं आम्हीच ना?

अवलिया४२
ताई, भावना पोचल्या. आता दाखल्यात काय असतं ते सांगतो. "गुन्हा नोंद आढळली नाही." एवढंच. ज्याच्याविरुद्ध कुणी तोंडच उघडलं नाही, त्याचा दाखला लख्ख. एनसीआरबीचा (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा) अलीकडचा कुठलाही अहवाल घ्या, मुलांवरच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असण्याचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर. त्यात घरचे, शेजारचे आले. त्यांना कुठला दाखला मागणार?

माझी गोष्ट ऐका. ११ वर्षं वस्तीत संध्याकाळची अभ्यासिका चालवली, फुकट. एका संस्थेने दाखला मागितला. माझ्यावर धरणग्रस्तांच्या मोर्च्यातली एक केस आणि लॉकडाउनमधलं कलम १८८ (सरकारी आदेश मोडल्याचं), कारण शिधा वाटत होतो. दाखल्यावर दोन्ही आलं. संस्थेच्या मॅडम म्हणाल्या, "तुम्ही चांगलेच आहात हो, पण फाइलला बरं दिसत नाही." अभ्यासिका बंद. पोरं आता मोबाइल बघत बसतात. सुरक्षित आहेत म्हणे.

निगडीची_आई
मोर्च्याची केस आणि मुलांबाबतची केस यातला फरक त्या मॅडमना कळला नाही, हा दाखल्याचा दोष नाही. वाचणाऱ्याचा आहे.

अवलिया४२
आणि तुमच्या सोसायटीत वाचणारे सगळे न्यायमूर्ती. चालू द्या.

गुरुजी_मराठवाडा
वाचणारा शेवटी मुख्याध्यापकच असतो. निवडणूक आम्ही, सर्वेक्षण आम्ही, खिचडीचा हिशोब आम्ही. आता तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षेची सखी सावित्री समिती, सीसीटीव्ही आणि दाखल्यांची फाइल. आमच्या शाळेचं वीजबिल थकलं म्हणून मीटर काढून नेलं होतं. कॅमेरा कशावर चालवू, कंदिलावर? तरी "कॅमेरा बसवला का, हो/नाही" अशी माहिती तीन वेळा भरून दिली. तिन्ही वेळा "नाही" लिहिलं. तिन्ही वेळा खुलासा मागवला.

लेस्टरकर
इथे इंग्लंडात आमच्या रविवारच्या मराठी शाळेत बाराखडी शिकवायची तरी डीबीएस, म्हणजे सरकारी पार्श्वभूमी तपासणी, लागते. स्वयंसेवकाला फी नाही. नुसती पोलीस नोंद बघत नाहीत. मुलांसोबत काम करायला बंदी घातलेल्यांची वेगळी यादी असते, तीही तपासतात. आपल्याकडे लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद २०१८ पासून आहे, पण ती पोलिसांना दिसते, शाळेला नाही.

तरी इथलं सगळं आलबेल समजू नका. वर्षानुवर्षं स्वतंत्र शिकवणीवाल्याला स्वतःची वर्धित (जास्त सखोल) तपासणी मागवताच येत नव्हती, ती संस्थेनेच मागवायची. आमची शेजारीण घरोघरी पियानो शिकवायची आणि साधी तपासणी दाखवत फिरायची. आमच्या शाळेत खरा उपयोग झाला तो दुसऱ्याच नियमाचा: वर्गात कायम दोन मोठी माणसं. दुसरा आला नाही तर तास होत नाही.

गुरुजी_मराठवाडा
द्विशिक्षकी शाळा आहे आमची साहेब. दुसरे गुरुजी बैठकीला गेले की शाळाच बंद ठेवायची का? लेस्टरहून एक पाठवा.

मीनाक्षी_म
जरा अवांतर. या सगळ्यांना "दादा", "काका", "मामा" म्हणायला आपण का शिकवतो? मी सात वर्षांची होते. पेटीचा क्लास. शिकवणाऱ्यांना काका म्हणायचं. मला त्यांच्या शेजारी बसायचं नव्हतं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, काका आहेत ते." त्यापुढे बोलायला मला वाक्यच उरलं नाही. आजही पेटीचा भाता हलल्याचा आवाज आला की मी खोलीबाहेर जाते. माझी मुलगी तिच्या स्केटिंगच्या शिक्षकांना "सर" म्हणते. नातं नको.

रांगडा_कोल्हापूर
झालं! आता मराठी माणसानं काकापण म्हणायचं नाही. मिस्टर म्हणूया? आमच्या पोरीचे व्हॅनवाले काका, महापुराच्या वर्षी रस्त्यावर पाणी चढलं तेव्हा व्हॅन सोडून चार पोरं दोन खेपांत खांद्यावरनं घरी आणली त्यांनी. नुसते "ड्रायव्हर" असते तर आणली असती? एकाच्या पापासाठी सगळ्या काकांना फाशी देऊ नका.

मीनाक्षी_म
फाशी कुणी दिली? मी संबोधनाबद्दल बोलतेय.

रांगडा_कोल्हापूर
संबोधन गेलं की माया जाते. पुण्या-मुंबईकडच्यांना कळायचं नाही.

निगडीची_आई
गावावर का घसरलात? आणि धागा दाखल्याचा आहे.

लेस्टरकर
इथे आमच्या रविवारच्या शाळेत मुलं शिक्षकांना पहिल्या नावाने हाक मारतात. माया आहे की.

रांगडा_कोल्हापूर
तुमची माया तुमच्याजवळ ठेवा.

मीनाक्षी_म
साधा प्रश्न विचारते. तुमच्या पोरीने उद्या "मला त्या व्हॅनमध्ये जायचं नाही" म्हटलं, तर तुमच्या तोंडून पहिलं वाक्य काय येईल?

रांगडा_कोल्हापूर
... "अगं, काका आहेत ते" हेच आलं असतं. बरं. एवढं मान्य. पण काका म्हणणं सोडणार नाही. पोरीचं ऐकून घेईन.

अवलिया४२
मी हेच म्हणतोय. मुलांचं ऐकणारं कुणी ठेवा. आणि ऐकल्यावर कळवायचं, ते पॉक्सोच्या कलम १९ ने बंधनकारक आहे. न कळवल्याबद्दल बदलापुरात संस्थाचालकांवर गुन्हा दाखल झाला, ते दाखला नव्हता म्हणून नव्हे. (दाखला घ्या, माझी हरकत नाही. पण दाखला मिळाला की लोक निवांत होतात, त्याची भीती वाटते.)

निगडीची_आई
"माझी हरकत नाही" हे स्क्रीनशॉट काढून ठेवलंय.

रंगपेटी
ती पोस्ट माझी. एक गोष्ट त्यात लिहायची राहिली. परवा चौकीत गेलो होतो. हवालदारांनी विचारलं, "कुठल्या कंपनीत लागताय?" म्हटलं, कंपनी नाही, नाटक. "मग दाखला कुणाला हवाय? त्यांचं पत्र आणा." पत्र कुठलं, सोसायटीचा व्हॉट्सॲप मेसेज होता. तो दाखवला तर शेजारच्या टेबलावरचे पण वाचायला आले. "मुलांचं काम म्हणजे नक्की काय करता?" असं दोनदा विचारलं, आवाज चढवून. बाकावर बसलेली माणसं वळून बघायला लागली. तिथून उठून आलो आणि पोस्ट टाकली.

निगडीची_आई
हे आधी सांगायचं ना. लेटरहेड आहे, पण सेक्रेटरींच्या कपाटात, आणि ते चारधामला गेलेत. सोमवारी येतील. पत्र देते, आणि चौकीत मीही येते बरोबर.

रंगपेटी
या. शिबिर रद्द नाही, पुढे ढकललं असं लिहितो. पण पोरं दादाच म्हणणार.

मीनाक्षी_म
"सर" चालेल की.

रंगपेटी
सर म्हटलं की पोरं रांगेत उभी राहतात हो. त्यांना झाड कसं करू?