‘दुष्ट साम्राज्य’ म्हणणारे रेगन ५ वर्षांत मॉस्कोच्या लाल चौकात कसे पोचले?

खिडकीपाशी (प्रश्न)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतेच. मी सध्या अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या काळाबद्दल जमेल तसं वाचतेय. मार्च १९८३ मधे हा माणूस ऑर्लँडोला ख्रिश्चन धर्मगुरूंपुढे सोव्हिएत युनियनला ‘दुष्ट साम्राज्य’ म्हणतो, दोन आठवड्यांनी येणारी क्षेपणास्त्रं अवकाशातून पाडायची योजना जाहीर करतो, आणि डिसेंबर १९८७ ला वॉशिंग्टनमधे सोव्हिएत नेता गोर्बाचेवच्या शेजारी बसून ५०० ते ५५०० किमी पल्ल्याची जमिनीवरून सोडायची सगळी क्षेपणास्त्रं मोडीत काढायच्या करारावर सही करतो. मग १९८८ मधे मॉस्कोला जाऊन लाल चौकात फिरतो, आणि त्याच भेटीत पत्रकार विचारतात, अजून दुष्ट साम्राज्य वाटतं का, तर म्हणतात नाही, तो वेगळा काळ होता.

माझे बाबा म्हणतात रशियाला शस्त्रस्पर्धेत कंगाल केलं म्हणून ते वाकले, बास. मला हे काही पटत नाही. आणि ज्यांनी कडक माणूस म्हणून निवडून दिलं त्यांनी हे कसं खपवून घेतलं?

जुना_वाचक

ताई, प्रश्न छान आहे. रेगन अचानक बदलले असं मला वाटत नाही, दोन्ही गोष्टी त्यांच्यात पहिल्यापासून होत्या. मार्च १९८१ मधे गोळी लागली, त्यातून बरे होत असताना एप्रिलमधे त्यांनी तेव्हाचा सोव्हिएत नेता ब्रेझनेवला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं, आणि त्याच महिन्यात आधीचे अध्यक्ष कार्टर यांनी घातलेली सोव्हिएत युनियनची धान्यबंदी उठवली, शेतकऱ्यांना तसा शब्द दिला होता म्हणून. म्हणजे भाषणं कडक पण दार बंद नव्हतं.

खरी कलाटणी १९८३ च्या शेवटच्या चार महिन्यांत आहे. १ सप्टेंबरला सोव्हिएत विमानाने कोरियाचं प्रवासी विमान पाडलं, २६९ माणसं गेली. नोव्हेंबरमधे नाटोचा (अमेरिका आणि मित्रदेशांची लष्करी संघटना) ‘एबल आर्चर’ नावाचा सराव झाला, अण्वस्त्रं वापरायची वेळ आली तर आदेश कसे जातील याची रंगीत तालीम, आणि सोव्हिएत बाजूला हा सराव आहे की खराच हल्ला अशी शंका आली. रेगनना हे आधी पटेचना की आपली कोणाला भीती वाटू शकते. त्याच महिन्यात त्यांनी डायरीत लिहिलंय की या लोकांना हल्ल्याची इतकी धास्ती आहे तर त्यांना सांगायला हवं, आमचा तसा काही इरादा नाही. मग १६ जानेवारी १९८४ चं भाषण बघा, सूर पूर्ण वेगळा. गोर्बाचेव सत्तेवर आला मार्च १९८५ ला, म्हणजे त्याच्या वर्षभर आधी! त्याआधी बोलणार कोणाशी, ब्रेझनेव, आंद्रोपोव, चेर्नेंको हे सोव्हिएत नेते एकामागून एक वारले.

सातासमुद्रापार

मतदारांचं मी सांगतो, इकडे अमेरिकेत ३० वर्षं राहून जे ऐकलं वाचलं त्यावरून. १९८४ ला रेगन ५० पैकी ४९ राज्यं जिंकले, प्रतिस्पर्धी माँडेलला फक्त त्याचं मिनेसोटा आणि राजधानी वॉशिंग्टन. इतकं बहुमत असलेल्या माणसाला ‘तू कम्युनिस्टांपुढे नमलास’ कोण म्हणणार? तरी म्हणणारे निघाले, त्याच्याच बाजूच्या कट्टर गटातले. एका पुढाऱ्याने तर सोव्हिएत प्रचाराच्या कामी येणारा मूर्ख असं म्हटलं. पण सिनेटमधे (अमेरिकी संसदेचं वरचं सभागृह) मे १९८८ ला हा क्षेपणास्त्रांचा करार ९३ विरुद्ध ५ ने पास झाला. याउलट कार्टरने १९७९ ला केलेला साल्ट-२ हा अण्वस्त्रांवर मर्यादा घालणारा करार सिनेटमधून कधी पासच झाला नाही, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा घुसल्या आणि तो बाजूला पडला. तोच कागद मवाळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अध्यक्षाने आणला असता तर ९३ मतं पडली नसती, हे माझं ठाम मत.

आणि रेक्याविक विसरू नका, ऑक्टोबर १९८६. आइसलँडमधल्या समुद्राकाठच्या त्या पांढऱ्या घरात दोन दिवसांत दोघं सगळी अण्वस्त्रं संपवायच्या गोष्टीपर्यंत आले होते, आणि फिसकटलं एका शब्दावर, ‘प्रयोगशाळा’. गोर्बाचेवचं म्हणणं अवकाश योजनेच्या चाचण्या १० वर्षं प्रयोगशाळेतच करा, रेगन म्हणाले नाही. मला आजही ते वाचताना वाईट वाटतं, इतकं जवळ येऊन हातातून गेलं.

कोकणरेघ

सगळं खरं, पण तुम्ही दोघं फक्त मॉस्कोकडे बघताय. त्याच रेगन सरकारने निकाराग्वाच्या बंदरांत सुरुंग पेरले, १९८६ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अमेरिकेविरुद्ध निकाल दिला, तो मानला नाही. अमेरिकी काँग्रेसने (संसदेने) तिथल्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या काँट्रा बंडखोरांना मदत द्यायला बंदी घातली तर व्हाइट हाउसमधल्या लोकांनी इराणला चोरून क्षेपणास्त्रं विकली आणि त्यातला पैसा काँट्रांकडे वळवला. मोठ्या शत्रूशी हस्तांदोलन आणि छोट्या देशाच्या गावांवर बंदुका, हे मला माफ करता येत नाही.

आपल्याला पण झळ बसलीच की. अफगाण युद्धासाठी पाकिस्तानच्या झियांना १९८१ मधे ३२० कोटी डॉलरची मदत ठरली, आणि पाकिस्तानकडे बाँब नाही असं प्रमाणपत्र रेगन सही करून देत राहिले, इकडे तारापूरसाठी मात्र अमेरिकेचं इंधन बंद, अणुभट्ट्या त्यांच्याच बनावटीच्या असून. १९८२ ला इंदिराबाई वॉशिंग्टनला गेल्या तेव्हा कुठे फ्रान्सकडून इंधन आणायचा तोडगा निघाला.

खिडकीपाशी

कोकणरेघ, तारापूरचं खरंच माहीत नव्हतं, धन्यवाद. पण मग बाबांच्या ‘कंगाल केलं’ मुद्द्याचं काय? आणि शेवटी माघार घेतली कोणी?

जुना_वाचक

कोकणरेघ यांचं म्हणणं मान्य आहे, मी ते सोडून द्यायला नको होतं.

बाबांना सांगा ओझं होतंच, पण ते एकट्या रेगनने टाकलेलं नव्हतं. १९८६ ला तेलाचे भाव कोसळले, एप्रिलमधे चेर्नोबिल झालं, अफगाणिस्तानात पोरं मरत होती. आणि अवकाश योजनेवर रेगन शेवटपर्यंत हटले नाहीत, हटला गोर्बाचेव. फेब्रुवारी १९८७ ला त्याने सांगितलं की मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार अवकाश योजनेपासून वेगळा करू, तिथे गाठ सुटली. याला शरणागती म्हणायला माझी जीभ रेटत नाही, स्वतःच्या सेनापतींना तोंड देऊन त्याने ते केलंय.

पुढे १९९१ पर्यंत दोघांची मिळून २६९२ क्षेपणास्त्रं नष्ट झाली, त्यात सोव्हिएतांची अमेरिकेच्या दुपटीहून जास्त. २०१९ ला अमेरिका करारातून बाहेर पडली ते आहेच. पण मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते तपासणीचं कलम. अमेरिकन निरीक्षक रशियातल्या वोत्किन्स्कच्या क्षेपणास्त्र कारखान्याच्या गेटवर आणि सोव्हिएत निरीक्षक अमेरिकेच्या युटा राज्यामधल्या मॅग्ना गावच्या कारखान्याच्या गेटवर, बाहेर पडणारी मालगाडी ट्रक सगळं बघत, २००१ पर्यंत १३ वर्षं. या दोन गावांबद्दल कोणाला काही वाचायला मिळालं तर इथे नक्की टाका.