मदत हवी आहे: २,२०० रुपयांत अकरा पोरांचे फटाके. तयार बॉक्स घ्यावा की सुटं?

नमस्कार मंडळी,

सोलापुरात साखर पेठेत राहतो. आमच्या बोळात फटाके उडवायच्या वयाची अकरा पोरं आहेत. पोरामागं २०० रुपये वर्गणी निघते आणि सगळ्यांनी मिळून एकाच ठिकाणी उडवायचं, असं ठरलेलं आहे. गेल्या वर्षी खरेदीचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं आणि तोंडावर पडलो.

झालं असं. एका स्टॉलवर चकचकीत बॉक्स होता. वर '४२ नग' लिहिलेलं, छापील किंमत ३,४००, मालक म्हणाला तुम्हाला ९५०. मी दोन उचलले, उरलेल्या ३०० चे बाण घेतले आणि लई मोठा तीर मारल्यासारखा घरी आलो. उघडला तर खाली पुठ्ठ्याचा खोटा तळ! वरून बघितलं की बॉक्स गच्च, आत निम्मा रिकामा. ४२ नगांत रंगीत काडेपेट्याच नऊ. मग नागगोळ्या, टिकल्या, केपा. लवंगीची एवढीशी माळ हाही एक नग आणि दहा फुलबाज्यांची डबी हाही एकच नग, असा हिशोब.

फुलबाजीची तार लांब होती, पण मसाला जेमतेम तीन बोटं. दहा भुईनळ्यांतले पाचच नीट उडाले. चारांची वात आत गेली आणि नुसता धूर. एक तर फाडकन फुटला, पुतणी लांब उभी होती म्हणून निभावलं. शेजारच्या काकू आता माझ्याकडं न बघता विचारतात, "यंदा खरेदीला कोण जाणार?"

यंदाही जाणार मीच आहे. न पेटवता दुकानात माल कसा ओळखायचा? व्हॉट्सॲपवर शिवकाशीची (तमिळनाडूतलं फटाक्यांचं गाव) दरांची यादी फिरतेय, ८० टक्के सूट म्हणे, ती खरी असते का? आणि ग्रीन फटाके म्हणजे हिरवा उजेड पडणारे की अजून काही?

कडक_भाकरी
मामाच्या स्टॉलवर चार दिवाळ्या बसलोय, म्हणून सांगतो. छापील किंमत वाचूच नका. ती सूट दाखवण्यासाठीच छापलेली असते. फटाक्यावर नुसता जीएसटीच १८ टक्के आहे, मग ८० टक्के सोडून कोण धंदा करंल? सूट किती ते विचारायचं नाही, हातात किती पडतंय ते विचारायचं.

बॉक्समध्ये नगांची संख्या वाढवायला स्वस्तातला बारीक माल भरतात. भुईनळ्यात बिग, स्पेशल, अशोका, डिलक्स अशी चढती नावं असतात. 'बिग' नाव वाचून भुलू नका, ते या ओळीत सगळ्यात खालचं. बॉक्समध्ये बहुतेक तेच असतं. तेवढ्याच पैशात सुटे स्पेशलचे दोन-तीन डबे घ्या, नग कमी दिसतील पण पोरं खूश होतील.

आता भुईनळा बघायचा कसा. उलटा धरा. बुडाला मातीची डाट असते, ती अंगठ्यानं हळूच दाबा. हलली, भुगा पडला, तर ठेवून द्या. मग कानाशी धरून जरा हलवा. आत खुळखुळ आली म्हणजे ठासलेली दारू सुटलीय. तुमचा जो फुटला ना, त्याचं कारण बहुतेक हेच असणार. घट्ट ठासलेली दारू वरून खाली थर थर जळत जाते. तडे गेले की जाळ एकदम आत शिरतो, सगळी एका दमात पेटते, आणि कागद तो दाब सोसत नाही. वरची वात कागदाखाली नीट बसलेली हवी, ओढली की हातात आली तर नको.

फुलबाजीची डबी उघडून दाखवायला सांगा. १० सेंटिमीटर, १५ सेंटिमीटर हे माप तारेसकट असतं. मसाला कुठपर्यंत आहे ते बघा. सगळीकडं सारख्या जाडीचा पाहिजे. टवके उडालेले असले की त्या जागी फुलबाजी विझते. डबीच्या तळाला राखाडी भुगा दिसला तर पुढची डबी.

जुळे_सोलापूरकरीण
ग्रीन फटाक्याचा उजेडाच्या रंगाशी काही संबंध नाही हो! आमच्या सोसायटीतही हाच घोळ झाला होता. नागपूरच्या नीरी या सरकारी पर्यावरण संशोधन संस्थेनं धूर आणि धूळ कमी करणारी मिश्रणं तयार केली, त्यांना ते नाव आहे. नेहमीच्या फटाक्यापेक्षा धूलिकण साधारण ३० टक्के कमी, असा त्यांचा दावा. खोक्यावर हिरवं चिन्ह आणि क्यूआर कोड असतो. नुसतं चिन्ह कुणीही छापेल, कोड मोबाइलवर उघडून बघा.

उलट हिरवागार जाळ दिसला तर जरा शंकाच घ्या. तो रंग बहुधा बेरियमचा असतो आणि बेरियमचे क्षार फटाक्यात वापरायला सर्वोच्च न्यायालयाची बंदी आहे. लाल रंग स्ट्राँशियमचा, पांढऱ्या चांदण्या ॲल्युमिनियमच्या, पिवळट सोनेरी ठिणग्या लोखंडाच्या किसाच्या किंवा कोळशाच्या. पोरांना विचारून बघा, अभ्यास होईल.

शिवकाशीच्या यादीबद्दल: सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या निकालात फटाक्यांची ऑनलाइन विक्रीच बंद केली आहे. आगाऊ पैसे भरल्यावर फोन लागला नाही तर तक्रार कुठल्या तोंडानं करणार? कुणी आणतो म्हणाला तरी रेल्वेनं आणू देऊ नका, गाडीत फटाके नेणं गुन्हा आहे.

विजापूर_वेस_कट्टा
काय बे, एवढा अभ्यास बारावीला केला असता तर! वर्गणी परत कर आणि जानेवारीत सगळ्यांना होम मैदानावर ने. सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेचं शोभेचं दारूकाम, फुकटात.

धागाकर्ता
@विजापूर_वेस_कट्टा ते तर बघतोच बे, पण पोरांना स्वतःच्या हातानं वात लावायचीय ना.

@कडक_भाकरी, शॉट्सचं काय, ते एका खोक्यातून एकामागून एक वर उडणारे? मोठ्या पोरांची तीच मागणी आहे. एकाकडं ६० शॉट आणि दुसऱ्याकडं ३० शॉट एकाच भावात आहे.

अजून एक. गेल्या वर्षीचे चार न उडालेले भुईनळे आणि एक डबा तसाच माळ्यावर पडलाय. आई म्हणते सादळले असतील, गच्चीवर उन्हात टाक, होतील ठीक.

कडक_भाकरी
उन्हात नको! आपल्याकडचं ऑक्टोबरचं ऊन म्हणजे तवा, त्यात दारूकाम तापवायचं कशाला? शिवाय सादळलेली दारू वाळली तरी पहिल्यासारखी होत नाही, गठ्ठे धरते. एकदा वात लावून न उडालेला नग तर कधीच पुन्हा पेटवायचा नाही. ते चार आणि तो डबा बादलीत रात्रभर बुडवून ठेवा, मग टाका. यंदाही एखादा फुस्स झाला तर पंधरा-वीस मिनिटं कुणाला जवळ जाऊ देऊ नका, मग लांबून पाणी.

शॉट्समध्ये आकड्यावर जाऊ नका. नळ्या मोजण्याआधी नळीचं तोंड बघा. ६० वाल्याची नळी पेन्सिलीएवढी असली तर दुसऱ्या मजल्यापर्यंत जाऊन चर्र करून विझतो. ३० वाल्याची नळी अंगठ्याएवढी असली तर तोच घ्या. बूड सपाट पाहिजे, नाहीतर पेटल्यावर आडवा होतो. आणि तुमचा बोळ किती रुंद आहे? वर तारा असतील तर शॉट्स आणि बाण दोन्ही सोडा, ते पैसे भुईचक्रात घाला.

धागाकर्ता
बोळ बारा फूट आणि वर तारांचं जाळं. म्हणजे शॉट्स गेले, मोठी पोरं रुसणार. शनिवारी तीन स्टॉलवरून स्पेशल भुईनळ्याचा आणि फुलबाजीचा एकेक डबा आणतो, रात्री मोबाइलवर सेकंद मोजतो, जो जास्त वेळ चालंल त्याच्याकडून बाकीचं. चाचणीचे पैसे माझे, वर्गणीतून नाही. फक्त भुईनळ्याचं बूड दाबायला लागलो की मालक ओरडणार नाही ना?

कडक_भाकरी
ओरडला तर समजायचं, माती हलते. पुढच्या स्टॉलवर जा.