विदर्भावर बर्फ होता म्हणे! (इरईचा दगड ते खारपाणपट्टा)

दगडफोड्या: सकाळपासून एक पोस्ट फिरते आहे: '२० हजार वर्षांपूर्वी विदर्भ बर्फाखाली होता, चंद्रपूर जिल्ह्यात इरईच्या खडकावर हिमनदीचे ओरखडे आहेत.' ओरखडे खरे, पण काळ साफ चुकला. ते सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे, भारत गोंडवनात (दक्षिणेकडच्या जुन्या एकसंध महाखंडात) दक्षिण ध्रुवाकडे होता तेव्हाचे. पैनगंगेच्या चुनखडकावर एकाच दिशेच्या रेघा, वर तालचीरचा (त्या जुन्या हिमनद्यांनी टाकलेल्या गाळाचा) थर: बारीक मातीत लहानमोठे गोटे सरमिसळ, काहींची एक बाजू घासून सपाट. नदीनं आणलेले गोटे गोल असतात.

कपाशीवाला: मंग उष्ण कटिबंधात बर्फ नव्हताच काय? किलिमंजारोवर काय हाये?

दगडफोड्या: भाऊ, तो ५,८९५ मीटर. २० हजार वर्षांपूर्वीच्या हिमयुगात हिमरेषा, म्हणजे बर्फ बारमाही टिकतो ती उंची, उतरली ती हजारेक मीटर. आपलं चिखलदरा अकराशेच्या आसपास. लावा हिशेब. इथे बर्फ पडला नाही, पाऊस आटला. समुद्र थंड, त्यात हवा एक अंश थंड झाली की वाफ धरायची ताकद सुमारे ७ टक्के घटते. जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे गावात कोरड्या माळावरच्या शहामृगाच्या अंड्यांची कवचं उगाच नाही सापडली.

नकाशेवाला: कवचावरून पाऊस मोजता? शहामृग झुडपी माळावरही राहतो.

दगडफोड्या: बरं, कवच सोडा. ओमानलगतच्या समुद्रतळाचा गाळ घ्या. पाऊस आणणाऱ्या नैर्ऋत्य वाऱ्यानं पाणी ढवळलं की वाढणारे सूक्ष्मजीव हिमयुगाच्या थरांत कमी आहेत.

पूर्णाकाठ: अन् आमचा खारपाणपट्टा, पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खाऱ्या पाण्याचा पट्टा? हिमयुगात पूर्णेत समुद्र होता, म्हणून पाणी खारं. आजेपंजे सांगत.

दगडफोड्या: राजेहो! तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटर खाली होता, अकोला २८० मीटरवर. समुद्र चढला कुठून?

नकाशेवाला: इथे मात्र दगडफोड्या बरोबर. पाऊस कमी, निचरा नाही, बाष्पीभवन जास्त. मातीतला कॅल्शियम चुनखडीच्या खड्यांत अडकतो, चिकणमातीवर सोडियम बसतो. ओली झाली की लगदा, वाळली की ढेकूळ.

कपाशीवाला: जिप्सम टाकून काई फरक नाई पडत.

नकाशेवाला: चर न काढता टाकलं तर कसा पडेल? जिप्सम सोडियमला मातीपासून सोडवतो, पण सुटलेला सोडियम पाण्यासोबत बाहेर जायला वाट लागते. पावसाळ्याआधी पसरा, वरच्या थरात मिसळा, उताराच्या तोंडाला चर ठेवा. विहिरीचं खारं पाणी पुन्हा दिलं तर सगळं पाण्यात.

पूर्णाकाठ: बरं, समुद्र नव्हता. चर काढाले जेसीबी कोन देते, तेवढं सांगा.